डावी बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं एकेक करत गेली, आणि खरं सांगू? — प्रत्येक वेळी मला थोडं हायसं वाटलं. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी सोलापुरात एका सर्जनचा असिस्टंट होतो. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणत असू. विलायतेत शिकून आलेले, बोलायला तुटक, पण हाताला यश होतं. माझं काम भूल द्यायचं. तोंडावर जाळी, जाळीवर फडकं, फडक्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब — आणि माझं एक बोट कायम कानापुढच्या नाडीवर. टेबलावरचं माणूस कसं आहे, हे त्या खोलीत फक्त त्या बोटाला कळायचं. साहेबांचं लक्ष जखमेत. मी म्हणेन ते खरं, असा सगळा मामला होता.

मी उगाच पाल्हाळ लावतोय. का लावतोय ते मला ठाऊक आहे.

जिची ही गोष्ट ती बाई यायच्या आदल्या उन्हाळ्यात गिरणीतला एक तरणाबांड गडी हर्नियासाठी आला आणि माझ्या क्लोरोफॉर्मखालीच गेला. असं तेव्हा व्हायचं. कुणाचीच चूक नव्हती. पण बाहेर त्याच्या आईनं एकच विचारलं — "भूल कुनी दिली?" त्या दिवसापासून बाटली हातात घेतली की तोच प्रश्न मला ऐकू यायचा. मी ते कुणाला कळू दिलं नाही. मोठा हुशार ना मी!

ती बाई म्हणजे निंगव्वा, दुधनी गावची. चाळिशी ओलांडलेली, कपाळाला विभूती, निम्मं मराठी, निम्मं कानडी. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं. बायका हे दुखणं लाजेपायी जिवावर बेतेपर्यंत लपवतात. हिनं लपवलं नाही. नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं आणि गाडीत बसून सरळ आमच्या दारात आली. साहेबांनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर, पण लहान, अगदी सुरुवातीचा. साहेब इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले. पहिल्यांदाच कुणी वेळेवर आलंय, म्हणाले.

आता हे नीट सांगायला हवं. हा रोग पिशवीतच मुक्काम करतो असं नाही. ओटीपोटात दोन्ही बाजूंना, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं, बारीक बारीक गाठी असतात. तो त्यांच्यात उतरतो. म्हणून नुसती पिशवी काढून भागत नाही. त्या गाठी बोटांनी चाचपायच्या, जपून सोडवायच्या, काढायच्या. फार सावकाशीचं काम. तेवढा सगळा वेळ मला थेंब टाकत बसायचं.

पिशवी निघाली. उजव्या बाजूच्या गाठी निघाल्या — सगळ्या मऊ, म्हणजे रोग न शिरलेल्या. मग साहेबांनी डाव्या बाजूला हात घातला आणि थांबले. एक टणक लागतेय, म्हणाले; सोडवायला वेळ लागेल. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "कशी आहे?"

कशी होती? भरलेली, संथ, ठाम. उत्तम होती.

मी म्हणालो, "नाडी बुडतेय, साहेब."

भीती वाटली, असं म्हणून मला सुटता येईल. पण कुणाची भीती? निंगव्वा मरेल याची? नाही हो. ती टेबलावर गेली तर माझ्या नावावर जाईल — आणि पुढे कधीतरी गेली तर रोगाच्या नावावर. हा हिशेब मी साहेबांच्या प्रश्नात आणि माझ्या उत्तरात जेवढी फट होती तेवढ्यात केला. इतकी चपळ अक्कल मला उभ्या आयुष्यात पुन्हा सुचली नाही. साहेबांनी हात काढला. डावी बाजू तशीच ठेवून पोट शिवलं.

वर, ती शुद्धीवर आल्यावर ते तिला म्हणाले, बाई, यानं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलीस. तिनं पडल्या पडल्या हात जोडले. मला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी — पण नाही. जखम भरली, तिच्या अंगी ताकद आली. साहेबांना ती गाठ स्वस्थ बसू देत नव्हती. पुन्हा उघडावं म्हणत होते. क्लोरोफॉर्म सोसेल का, एवढंच त्यांनी मला विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं! आता तब्येत सुधारलीय, म्हटलं असतं तर कुणाला शंकासुद्धा आली नसती. पण पुन्हा तिच्या उशाशी बसायचं, पुन्हा ते बोट... मी म्हणालो, नाही सोसणार. पहिलं खोटं तोंडातून निसटलं म्हणेन मी. हे दुसरं विचार करून बोललो.

ती गावाकडून यायची तेव्हा माझ्यासाठी कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी आणायची. साहेबांसाठी नाही, माझ्यासाठी. मी त्या चवीनं खाल्ल्या. तिच्या गावात माझं नाव झालं होतं — नाडीवरचा हात असावा तर असा!

पुढच्या थंडीत ती आली ती लंगडत. डावा पाय मांडीपासून सुजलेला. जोडवं रुतायला लागलं म्हणून काढून पदराला बांधलं होतं. साहेबांनी ओटीपोट चाचपलं, डावीकडची ती गाठ वाढली होती; ते हात धुवायला गेले. मी तिथेच उभा. तिनं मनगट माझ्यापुढे केलं.

"यप्पा, तुमीच बगा की. माजी नाडी तुमालाच कळतीया."

मी बोट ठेवलं. भरलेली, संथ, ठाम. त्या दिवशी टेबलावर होती तशीच.

"चांगली आहे," मी म्हणालो. हे खरं होतं.

ती हसली. "मग काय भ्या न्हाय," म्हणाली, आणि पाय ओढत गाडी गाठायला निघाली. तेव्हा तरी सांगायचं होतं मी. तोंड उघडलंही होतं — आणि काय बोललो? सांभाळून जा, म्हणालो.

उन्हाळा लागायच्या आत ती दुधनीला गेली. टेबलावर नाही, आपल्या घरात. मी मनात मांडलं होतं तसंच झालं. तिच्या मरणाला रोगाचं नाव लागलं. माझं लागलं नाही. ते आज मी लावतो आहे.