जीपच्या तळातलं भोक

मुलाने जुन्या जीपच्या तळाला नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. त्या जळक्या वासात मी तळाकडेच बघत राहिले.

केळीसाठी पोटॅश खताच्या गोण्या वाहून वाहून पोरं लहान असतानाही तळ असाच गंजून त्याला भोक पडलं होतं. एकदा आम्ही भडगावला लग्नाला निघालो होतो. आमची तीन वर्षांची सुमन माझ्या पायांशी उभी होती. जीप खड्ड्यात आदळली आणि तिचा पाय गोणपाटासकट भोकातून खाली गेला. खाली रस्ता पळत होता. मी तिला दंडाला धरून वर ओढलं.

"थांबवा हो!" मी किंचाळले.

"काय झालं वं?" नवऱ्याने विचारलं.

पोरीची फक्त चप्पल गेली. भर रस्त्यात मी नवऱ्याला नको नको ते बोलले. तो चप्पल शोधायला मागे चालत गेला. साडीवर धूळ उडू नये म्हणून भोकावर गोणपाट मीच अंथरलं होतं, हे त्याला माहीत होतं.