खिळ्यावरचा बिल्ला

शिवणघरात तिला सगळ्या घाईबाई म्हणत, आणि ती हसून घेई. न हसून जाते कुठे? वीस मशिनींची ती खोली, दाराशी एक खिळा, खिळ्यावर एकच लाकडी बिल्ला. बाहेर जायचं तर तो घेऊन जायचं, आलं की परत अडकवायचा. बिल्ला जागेवर नसेल तर मुकाट बसून राहायचं. घाईबाईचं निम्मं आयुष्य त्या खिळ्याकडे बघण्यात गेलं होतं. घोटभर पाणी प्यायली की हिला लघवीची कळ, आणि कळ आली की थांबायची सोयच नाही!

धाकटी जाऊ शेजारच्याच मशिनीवर. तिचंही हेच दुखणं. दोघी जोडीने कळा सोसत, जोडीने बिल्ल्यावरून भांडत, आणि खरं सांगायचं तर त्यातच घाईबाईला थोडा दिलासा होता.

शेवटी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूत्राशय भरत आलं की त्याच्या भिंतीतल्या नसा मेंदूला निरोप धाडतात. तुमच्या नसा ते अर्धंही भरायच्या आत ओरडायला लागतात. आम्ही दुर्बिणीतून त्या भिंतीत सुया देतो. औषध म्हणजे एक विषच, पण अगदी कणभर. त्याने नसांची टोकं काही महिने गप्प बसतात."

"विष? माझ्या पोटात? काही नको बाई!" घाईबाईने चपला पायांत सरकवल्या. धाकटीने सही केली.

महिन्याभरात धाकटी सकाळपासून एक वाजेपर्यंत जागची हलेनाशी झाली. त्यातच नमुन्याचे कपडे शिवायच्या टेबलावरची जागा रिकामी झाली. खिडकीजवळची खुर्ची, छान उजेड, सगळ्या खोलीत मान. मुकादमबाईंनी सांगून टाकलं, "जी जागेवर टिकून बसेल तिला देईन. शुक्रवारी ठरवते."

घाईबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेली माझ्या मागून आली, कॉलर बसवायला माझ्याकडून शिकली, आणि खुर्ची पटकावणार ही? त्या दिवशी मीच का नाही सही केली, हे तर तिला जास्तच झोंबत होतं. त्यात धाकटीची नवीन थेरं. बरोबर एकच्या ठोक्याला उठायचं, एक छोटा बटवा घ्यायचा, बिल्ला उचलायचा. "राणीसाहेबांना घड्याळ बघून लागते हो!" असं म्हणून घाईबाई नाक मुरडी.

शुक्रवारी घाईबाईने सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नाही. एकला पाच मिनिटं कमी असताना ती बाहेर जाऊन आली, आणि बिल्ला खिळ्यावर न अडकवता तिने आपल्या कॉलरींच्या गठ्ठ्याखाली सरकवला. आता बघू, कशी चुळबुळते ते! मुकादमबाईंच्या डोळ्यांदेखत!

एक वाजला. धाकटीने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, बटवा परत ठेवला. दोन वाजले. बाकीच्या कुरकुरल्या, तर मुकादमबाई म्हणाल्या, "गेलीय कुणीतरी, येईल." धाकटी मात्र शांत शिवत बसलेली. घाईबाई मनात म्हणाली, काय दगडाचं मूत्राशय दिलंय हिला!

तीन वाजता धाकटीचा हात मशिनीवरून सुटला. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. उठायला गेली आणि पोट धरून वाकली. घाईबाईच तिला सावरत मोरीत घेऊन गेली.

धाकटीने बटवा उघडला. आत एक बारीक नळी होती.

"हे गं काय?"

"नळी घालून रिकामं करावं लागतं, ताई. औषध मला जरा जास्तच लागलं. भरलं तरी कळत नाही, आपलं आपण सगळं होतही नाही. घड्याळ हेच माझं कळणं. डॉक्टरबाई म्हणतात, ओसरेल हळूहळू." मग मान खाली घालून म्हणाली, "कुणाला सांगायची लाज वाटली. तुम्ही धावत जाता ना, तेव्हा इतका हेवा वाटतो तुमचा! तुम्हाला कळतं तरी."

घाईबाईने दार लावून घेतलं. ती धाकटीकडे पाठ करून उभी राहिली.

दोघी खोलीत परतल्या तेव्हा मुकादमबाई म्हणाल्या, "हिचं काही खरं नाही. घाईबाई, तू आज टिकलीस. खुर्ची तुझी."

किती वर्षं ऐकायचं होतं तिला हे वाक्य! तिने गठ्ठा उचलला, खालून बिल्ला काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "एकपासून माझ्याकडे होता. मीच लपवला. खुर्ची तिला द्या."

मुकादमबाईंनी बिल्ला काढून घेतला आणि खिडकीकडे बोट केलं, "मग खुर्ची तिचीच."

सोमवारी धाकटी खिडकीत बसली. घाईबाईचा जळफळाट थांबला म्हणता? छे! तो उजेड बघून तिला दर घटकेला चरचरत होतं. एकला दोन मिनिटं कमी असताना नेमकी तिला कळ आली, नेहमीसारखी, जीव घेणारी. धावत जाऊन तिने बिल्ला उचलला, दाराशी थबकली, दात आवळले आणि उलटी फिरून तो खिडकीजवळच्या टेबलावर आपटला.

"ऊठ. एक वाजला."