बाऊ कुठे झाला?

आमच्या मुलीला आम्ही ओडिशातून घरी आणलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आता ती शाळेतून येते, मी मराठीत काहीतरी विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दप्तर नको तिथे टाकून निघून जाते. इतकं सुरळीत चाललं आहे की तिचे घरातले पहिले तीन आठवडे आठवले की मला आधी हसू येतं आणि मग सुटल्यासारखं वाटतं. ते तीन आठवडे मी एका शब्दामागे धावत होते, आणि तो शब्द आपल्याला येतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तेव्हा आम्ही दोह्यात बिन महमूदला राहायचो. वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण शहराचं लग्नघर आधीच झालं होतं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला जावं तो संध्याकाळी बंद. मेट्रोसाठी खणलेले खड्डे, नारिंगी पिंपं आणि रोज नवा डायव्हर्जन. माझा नवरा अल रय्यानच्या बाजूला एका स्टेडियमच्या साइटवर प्लॅनिंग इंजिनिअर होता. मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदावर नंबर, तारीख, शिक्का आणि रिव्हिजन, म्हणजे ती कितवी सुधारित प्रत. जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग कुणी साइटवर वापरलेलं दिसलं की माझा पारा चढायचा. कागदावर जे आहे ते बरोबर असलंच पाहिजे, हा माझा हट्ट. नवरा म्हणायचा, तुझ्या हातात असतं तर तू मलाही रिव्हिजन नंबर दिला असतास. त्याला मी कधीच दिलेला होता, फक्त सांगितला नव्हता.

दत्तकासाठी नाव नोंदवलं तेव्हा मी बेचाळीसची आणि तो पंचेचाळीसचा. पुढे दोन वर्षं वाट पाहण्यात गेली. एक दिवस ओडिशातल्या एका संस्थेतून सव्वातीन वर्षांच्या एका मुलीचा फोटो आला. तेल लावून चापून बसवलेले केस, आणि कॅमेऱ्याकडे बघणारे अतिशय चौकस डोळे. आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारताच हो म्हटलं.

संस्थेतून निरोप आला की तुमचे फोटो पाठवा, आम्ही तिला रोज दाखवत जाऊ. झालं, मला कामच मिळालं. मी अल्बम केला तो एखाद्या कन्सल्टंटला मंजुरीसाठी पाठवावा तसा. लॅमिनेट केलेली पानं, खाली पान क्रमांक. पहिल्या पानावर मी, खाली ठळक रोमन अक्षरांत ‘आई’. दुसऱ्या पानावर नवरा, खाली ‘बाबा’. मग तिचा पलंग, तिची खिडकी, कॉर्निशचा समुद्र. बदल्यात मी त्यांच्याकडून रोजच्या वीस ओडिया शब्दांची यादी मागवली आणि फ्रिजवर चिकटवली. पाणी म्हणजे पाणीच. भात म्हणजे भातच. भूक म्हणजे मात्र ‘भोक’, यावर आम्ही पोट धरून हसलो. नवरा म्हणाला, ही तर मराठीची मावसबहीण निघाली, काही अडणार नाही. ‘आई’ला ओडियात काय म्हणतात, हे आम्ही विचारलंच नाही. तो शब्द आमच्याकडे होता की!

कोर्टाचा हुकूम झाला, तिचा पासपोर्ट आला, आणि आम्ही दोघं दोह्याहून मुंबईमार्गे भुवनेश्वरला गेलो. तिथून तीन तास गाडीनं. संस्थेच्या बैठकीच्या खोलीत आम्ही अंग चोरून बसलो होतो. एक ताई तिचं बोट धरून आत आली, माझ्याकडे हात करून तिच्या कानात काही बोलली. मुलीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, “आई.”

मी तिथेच रडायला लागले. माझ्यासारखी बाई, जी ऑफिसात लोकांना रडवते! मग ती नवऱ्याकडे वळली, “बाबा” म्हणाली आणि तिनं चक्क हात जोडून, डोळे मिटून त्याला नमस्कार केला. त्याची पिकलेली दाढी थरथरली. “बघितलंस? काय संस्कार आहेत,” तो मला हळूच म्हणाला.

निघताना सगळ्या ताया रडल्या. ती रडली नाही. आपली छोटी लाल पिशवी मांडीवर घेऊन गाडीत अशी बसली, जणू तिला कुणीतरी स्टेशनवर घ्यायला येणार होतं. मला वाटलं, किती शहाणं लेकरू.

दोह्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. सकाळी दूध प्यायली, खोल्याखोल्यांतून फिरली, पडद्यामागे पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, “आई, बाऊ काही?”

आता मराठी घरात पोर ‘बाऊ’ म्हणालं की बाकीचं वाक्य कोण ऐकतं? मी तिला उचलून ओट्यावर बसवलं. “कुठे बाऊ झाला? दाखव बघू.” गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, पायांची बोटं एकेक करून पाहिली. एका पोटरीवर डास चावल्याचा जुना डाग होता. त्याला क्रीम लावलं, फुंकर घातली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा, जरा सावकाश, मला समजावं म्हणून, “बाऊ काही?” मी त्या डागावर एक पट्टी चिकटवली.

हे रोजचंच झालं. उठली की बाऊ, जेवली की बाऊ, झोपायच्या आधी बाऊ. आठवड्याभरात तिच्या अंगावर सहा पट्ट्या होत्या आणि जखम एकही नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर वसईची एक नर्स राहायची. तिनं तिला तपासलं आणि म्हणाली, “अगं, लहान पोरं पोटात दुखलं तरी बाऊच म्हणतात. डॉक्टरांना दाखव.” डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबलं, कान पाहिले, घसा पाहिला. मुलगी ठणठणीत होती.

मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. कारण ती दुखत असल्यासारखी वागतच नव्हती. वागत होती पाहुण्यासारखी. वाढलेलं सगळं खायची. सांगितलं तिथे बसायची. काही मागायची नाही, हट्ट करायची नाही, रडायची नाही. लाल पिशवीतले कपडे मी कपाटात ठेवले की ती ते घडी घालून परत पिशवीत भरायची. दाराची बेल वाजली की मात्र धावत सुटायची, आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहायची आणि पडल्या चेहऱ्यानं परत यायची. आणि नवरा ऑफिसमधून आला की हात जोडून नमस्कार. आता त्यालाही त्या संस्कारांचं कौतुक उरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात दत्तकाचा पहिला अहवाल पाठवायचा होता. त्यात एक रकाना होता, मुलीचं आईशी नातं कसं जुळतं आहे. आयुष्यात मी कुठला रकाना रिकामा सोडला नव्हता, तो सोडला. “हिला मी नको आहे,” मी नवऱ्याला म्हणाले. “मला आई म्हणते, पण मी तिला नको आहे. आपण हिला तिच्या माणसांतून उगाच उचलून आणलं.” तो नेहमी काहीतरी थट्टा करायचा, त्या दिवशी त्यानं तो अहवाल माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

अशात स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळायला लागला. त्या दिवसांत दोह्यात प्लंबर मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. सगळे स्टेडियमवर नाहीतर हॉटेलांच्या कामांवर. बिल्डिंगचा वॉचमन रोज “बुकरा, इन्शाल्ला” म्हणायचा, म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. शेवटी नवऱ्यानं आपल्या साइटवरच्या प्लंबिंग फोरमनला गळ घातली. पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशीचा माणूस. साइटवर सगळे त्याला चाचा म्हणायचे. शुक्रवारी सकाळी तो आपली हत्यारांची पिशवी घेऊन आला.

बेल वाजली तशी मुलगी धावली. चाचाला पाहून नेहमीसारखी हिरमुसली, पण या वेळी परत न फिरता त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेली. चाचा सिंकखाली शिरला. ती त्याच्या पायांशी उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, “बाऊ काही?”

आतला पान्याचा आवाज थांबला. चाचा तसाच मागे सरकत बाहेर आला, डोकं ओट्याला आपटलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो तिला काहीतरी म्हणाला. आणि आमची ती मुकी पाहुणी बोलायला लागली! हातवारे करून, दाराकडे बोट दाखवून, श्वास न घेता. तीन आठवड्यांत आम्ही तिच्या तोंडून चार शब्दांच्या वर ऐकलं नव्हतं.

“तुम्ही ओडिशाचे?” मी हिंदीत विचारलं.

“हाँ मॅडम, केंद्रापाडा.” मी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला. दोन वर्षं हा माणूस रोज चाचाबरोबर चहा घेत होता, आणि चाचा कुठला, हे एकदाही विचारलं नव्हतं. मी त्याला तिथल्या तिथे झापणार होते, पण चाचाच मला अडखळत म्हणाला, “मॅडम, बुरा मत मानना. आप इसकी नानी हैं क्या?”

“नानी?” माझा आवाज वरच्या नर्सपर्यंत गेला असणार. चव्वेचाळीस वर्षांची मी, आदल्याच दिवशी केसांना रंग लावलेला!

“नहीं, बच्ची बोल रही है,” चाचा घाईनं म्हणाला. “बोलती है, आई का घर आ गया, अब बोउ कब आएगी? हमारे में आई मतलब नानी. माँ को बोउ बोलते हैं. ये पूछ रही है, बोउ काहिँ? मेरी माँ कहाँ है?”

मी ओट्याला धरून खाली बसले, तिथल्या ओल्या फरशीवर.

एकेक करून सगळं उलगडलं. चाचा विचारत गेला, ती सांगत गेली, तो आम्हाला हिंदीत सांगत गेला. संस्थेतल्या मोठ्या मुलींनी तिला सांगितलं होतं, तुझी बोउ येऊन तुला घरी नेणार. आणि आले कोण, तर तायांनी अल्बममध्ये रोज नाव वाचून दाखवलेली आई, म्हणजे आजी. शिवाय दाढीवाला एक बाबा, म्हणजे साधुबुवा. साधूला नमस्कार करायचा असतो, तेवढं ती मनापासून करत होती. आजी चांगली आहे, भात देते, पण रोज पायाला चिकट कागद का लावते ते कळत नाही. बोउ आली की पिशवी घेऊन निघायचं आहे.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला म्हणणं फारच थोडं झालं. तिला मी नको नव्हते! ती माझीच वाट पाहत होती. तीन आठवडे माझ्याच घरात, माझ्याच मांडीवर बसून, मलाच विचारत होती की तू कधी येणार. आणि मी क्रीम लावत होते. कागद चुकला होता, पहिल्याच पानावर, माझ्याच फोटोखाली, आणि चूक माझीच होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक सापडल्याचा मला इतका आनंद झाला.

“कसं सांगू तिला?” मी चाचाला विचारलं.

“बोलिए, मुँ तो बोउ. मतलब, मैं तेरी माँ.”

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. पहिल्यांदा माझ्या तोंडून पुन्हा ‘बाऊ’च आलं. चाचानं दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा नीट म्हणाले, “मुँ तो बोउ.”

ती चाचाकडे वळली. त्यानं मान डोलावली. तिनं माझ्याकडे पाहिलं, केसांकडे, कपाळाकडे, हातांकडे, बराच वेळ.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. खालचा ओठ पुढे आला. “एते डेरि कलु?” ती माझ्यावर ओरडली, आणि दोन्ही मुठींनी माझ्या खांद्यावर मारायला लागली.

चाचा हिंदीत सांगायला गेला. मी हातानंच त्याला थांबवलं. ‘डेरि’ म्हणजे काय ते कळायला मला यादी लागणार नव्हती.

“हो गं बाई,” मी म्हटलं, “खूपच उशीर केला मी.” मराठीत म्हटलं, पण तिला समजलं असावं. कारण ती मला मारत मारतच माझ्या गळ्यात पडली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा भोकाड पसरून रडली. नवरा तिला घ्यायला पुढे आला, तर तिनं त्याला लाथ मारली आणि मला आणखी घट्ट धरलं.