लिफ्टमावशीचा अर्ज

कल्पना करा, तुमच्यासमोर बावीस पानांचा अर्ज आहे आणि तो तुम्हाला भरायचा आहे. नाव, वय, उंची, वजन इथवर पेन सरळ चालतं. मग घरात खिडक्या किती, गॅलरीचा कठडा किती उंच, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का. तेही जमतं, टेप घेतली की मोजता येतं. मग एकतिसावा प्रश्न येतो: ‘तुमच्या हातून एखाद्या मुलाला कधी इजा झाली आहे का? असल्यास तपशील द्यावा.’ खाली सहा रिकाम्या ओळी. काय लिहाल?

बहुतेक जण ‘नाही’ लिहितात आणि पान उलटतात. लिफ्टमावशीला सहा ओळी पुरल्या नाहीत. तिने मागे एक कागद जोडला.

मावशी एक्कावन्न वर्षांची आहे. गेली एकोणतीस वर्षं ती लिफ्ट दुरुस्त करते. बुटकी, खांदे रुंद, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. नवरा लॉंड्रीत इस्त्री करतो. मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं. ज्या उस्तादाच्या हाताखाली ती काम शिकली, त्याने पहिल्याच आठवड्यात तिला एक गोष्ट बजावली होती. प्रत्येक लिफ्टची एक नोंदवही असते. दोर कधी झिजला, दरवाजा कधी अडला, ब्रेक कधी घसरला, सगळं तारखेनिशी त्यात लिहायचं. दुरुस्त झालेलंही लिहायचं. कारण सरकारी तपासनीस आला आणि त्याला वही कोरी दिसली, तर तो लिफ्टच बंद करतो. बिघडत नाही अशी लिफ्ट नसते. “वही कोरी, तर मिस्त्री चोर,” उस्ताद म्हणायचा. मावशीने एकोणतीस वर्षांत एकही नोंद लपवली नाही.

आता बटणाबद्दल. बटण म्हणजे बालगृहातली एक मुलगी. तिला हे नाव मावशीनेच दिलं. तीन मजली बालगृह, मागच्या बाजूला जुनी लिफ्ट, दर महिन्याला मावशी तिची देखभाल करायला जायची. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ही पोर एकटीच लिफ्टमध्ये शिरली, हाताला येतील ती सगळी बटणं दाबली, आणि लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये बसली ती बसलीच. लिफ्ट हाताने सरकवायला दोन माणसं लागतात, एक जण ब्रेक सोडतो आणि दुसरा चाक फिरवतो. मावशीचा कामावरचा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तो येईपर्यंत चाळीस मिनिटं मावशी बंद दाराशी फरशीवर बसून राहिली.

अडकलेल्या माणसाशी पहिलं काय बोलायचं, हेही शिकवलेलं असतं. ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही, त्याने माणूस जास्त घाबरतो. म्हणायचं, मी बाहेर आहे, मी कुठे जात नाही. मावशीने तेच म्हटलं.

“तू कोण?” आतून आवाज आला.

“मी लिफ्टवाली.”

“मग ही तुझी लिफ्ट आहे?”

“हो.”

“घाण वास येतो हिला.”

चाळीस मिनिटं असंच चाललं. मधेच पोर गप्प झाली की मावशी दारावर दोन टकटक करायची. आतून दोन टकटक यायची. पुढे महिन्यातून एकदा मावशी गेली की बटण धावत यायची, औजारांची पेटी उघडायची आणि प्रत्येक पान्याला नाव विचारायची. संध्याकाळी मावशी घरी आली की नवरा विचारायचा, “आज काय विचारलं गं तिने?”

दत्तक मिळण्यासारखी तिची केस नव्हती. आई कुठेतरी होती, कागदावर होती. पण संगोपन पालक होता येत होतं. मूल सरकारचं, घर तुमचं. त्यासाठी परवाना लागतो. बालगृहात सात वर्षांपर्यंतचीच मुलं राहतात. सातवं पूर्ण झालं की मोठ्या मुलींच्या वसतिगृहात, सहा तासांवरच्या गावी. बटणाला सातवं पूर्ण होणार होतं एकवीस तारखेला. मावशीने नाव नोंदवलं तेव्हा मधे आठ महिने होते. भरपूर वाटले.

आठ महिन्यांत काय काय झालं! पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, बारा शनिवारांचं प्रशिक्षण. तिथे एका बाहुलीचा श्वास अडकलाय असं समजून तिच्या पाठीत थोपटायचं होतं. मावशीचे हात पान्याला सरावलेले. दोन थपडांत बाहुलीची मान निखळली. सगळे हसले, तीही हसली. नवऱ्याने आतल्या खोलीत छोटा पलंग आणला. दर रविवारी तो पलंगावरची चादर काढायचा, इस्त्री करायचा, परत घालायचा. तिच्यावर कुणी झोपलेलं नसायचं.

“सुरकुती तरी पडू दे की,” मावशी म्हणायची.

“सुरकुत्या पाडणारी येऊ दे आधी.”

एक नियम मात्र तिला जड गेला. निर्णय होईपर्यंत मुलाला भेटायचं नाही आणि काही सांगायचं नाही. उगाच आशा लागते म्हणून. मावशीने बालगृहाची लिफ्ट जोडीदाराकडे दिली. पहिल्या महिन्यात तो परत आला तो खाली मान घालून.

“विचारत होती. लिफ्टमावशी कुठाय म्हणून.”

“काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, काम आहे तिला.”

सगळे दाखले जमले आणि बावीस पानी अर्ज सादर करायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तो मागचा कागद वाचला. वाचून तो इस्त्रीच्या टेबलाला टेकला.

“अगं, तुला वेडबीड लागलंय का? मुलगी बघायला आलेल्यांना कुणी आपणहून सांगतं का, आमच्या मुलीला फिट येते म्हणून?”

“अहो, हे बघणं-दाखवणं नाहीये. ही तपासणी आहे.”

“अकरा वर्षं झाली त्याला!”

“दुरुस्त झालेलंही लिहायचं असतं.”

कागदावर होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी नणंदेचा मुलगा दोन वर्षं यांच्याकडे राहायला होता. नऊ वर्षांचा. शाळेला सुट्टी होती म्हणून मावशी एके दिवशी त्याला कामावर घेऊन गेली. लिफ्ट ज्यातून वरखाली होते त्या विहिरीचं दार उघडं होतं. तिने पाठ वळवली आणि पोराने आत डोकं घातलं, खाली किती खोल आहे ते बघायला. वर लिफ्ट होती, कधीही खाली आली असती. मावशीने त्याला ओढलं आणि थप्पड मारली. ओठ दातावर फाटला. दोन टाके पडले. शेवटची ओळ तिने अशी लिहिली होती: ‘घाबरले होते, पण हात रागाने उचलला गेला.’

नवरा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. “निदान एवढी तरी खोड.”

तिने खोडली नाही.

तपासणीच्या मॅडम घरी आल्या. खिडकीचे गज मोजले, औषधांचं कुलूप ओढून बघितलं, पलंगाची चादर पाहून “अरे वा” म्हणाल्या. मग फाइल उघडून एकतिसाव्या प्रश्नाशी थांबल्या. मागचा कागद काढून वाचला.

“हे तुम्ही लिहिलं नसतं, तर मला विचारायचं कारण नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता लिहिलंय म्हटल्यावर त्या मुलाचा जबाब लागेल. त्याच्याशिवाय समितीपुढे ठेवता येणार नाही.”

“समिती कधी बसते?”

“दर महिन्याच्या पंधराला.”

त्या दिवशी दोन तारीख होती. बटणाला सातवं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस.

भाचा वीस वर्षांचा झाला होता आणि कुठल्याशा मालवाहू जहाजावर कामाला होता. त्याचा नंबर फक्त आईकडे. आणि आईने, म्हणजे मावशीच्या नणंदेने, अकरा वर्षांत या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मावशी दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

“या वहिनी,” नणंद दारातूनच म्हणाली. “अकरा वर्षांनी आठवण झाली?”

मावशीने काम सांगितलं. नणंद हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

“म्हणजे माझ्या पोराचा ओठ फोडायचा, आणि त्याच तोंडातून चांगुलपणाचा दाखला मागायचा. वा!”

“दाखला नको. झालं ते सांगू दे.”

“झालं ते?” नणंदेचा आवाज चढला. “झालं ते मला तुमच्याकडूनच कळलं, आठवतंय? तो मला फोनवर म्हणाला होता, जिन्यावरून पडलो. तुम्हीच फोन घेतलात त्याच्या हातातून. तेव्हाही तुम्हीच सांगितलंत, आताही तुम्हीच. गप्प बसायला काय होतं हो तुम्हाला?”

नणंद आत गेली. दार उघडंच होतं. बऱ्याच वेळाने ती एक चिठ्ठी घेऊन आली.

“जहाज बंदराला लागलं की मगच फोन लागतो. माझाही लागत नाही.”

मावशी रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ नंबर फिरवू लागली. कामावर दोर तपासताना एक हात दोरावर, दुसरा फोनवर. असं करायचं नसतं, तिला माहीत होतं. एकदा जोडीदाराने तिच्या हातातून फोन काढून घेतला. “अगं, बोट जाईल.” पाच तारीख गेली. नऊ गेली. तेरा तारखेला ती तपासणीच्या मॅडमसमोर बसून म्हणाली, माझ्या घरात राहू नका देऊ तिला, पण इथून हलवू नका, महिनाभर तरी थांबा. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पंधराला समिती बसली आणि उठली. अर्ज अपूर्ण.

अठराला फोन वाजला.

“मामी?”

आवाज जाड झाला होता. तिला ओळखायला वेळ लागला. तिने सांगितलं, घाईघाईत, उलटसुलट. तो ऐकत होता, मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं.

“आठवतं मला,” तो म्हणाला. “खाली नुसता काळोख होता. काय लिहून देऊ?”

“झालं ते.”

“थप्पडसुद्धा?”

“थप्पडसुद्धा.”

त्याने त्याच दिवशी लिहून पाठवलं. थप्पड लिहिली, टाके लिहिले, आणि खाली लिहिलं, ‘मी हिच्याकडे परत राहिलो असतो.’ मावशी ती ओळ घेऊन धावत ऑफिसात गेली. मॅडमनी वाचली, फाइलला लावली. पुढची बैठक पुढच्या पंधराला.

एकवीस तारखेला मावशी कामावर गेली नाही. बालगृहाच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहायचाही तिला अधिकार नव्हता, म्हणून ती घरातच बसली. नवऱ्याने तिच्यासमोर चहा ठेवला, नंतर गार झालेला उचलून नेला. बावीसला सकाळी जोडीदाराचा फोन आला. गाडी आली होती. बटण मागच्या सीटवर होती, सोबत एक बाई होती, आणि गाडीच्या काचेचं बटण ती वरखाली, वरखाली करत होती.

आता ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे. म्हणून फाइलही तिकडे जाणार, तिला नवा क्रमांक मिळणार आणि तिथले तपासनीस पुन्हा येऊन खिडक्या मोजणार. किती महिने, ते मॅडमना सांगता आलं नाही. त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, “खरं सांगू? किती कोऱ्या अर्जांवर मी सही केली असेल. तुमचा वाचून मला पहिल्यांदा झोप लागली नाही.”

मावशीने मान हलवली. तिला ते ऐकायचं नव्हतं. एकतिसाव्या प्रश्नाबद्दल तिने कुणाशी वाद घातला नाही, आजही घालत नाही. पुन्हा अर्ज आला तर ती तेच लिहील. नवऱ्याने परवाच्या रविवारी पुन्हा चादर इस्त्री केली, तेव्हा तिने चादरीचं दुसरं टोक धरलं.

फाइलचं कळलं त्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोरून ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलाच्या कडेवर तिने बोटाने दोनदा टकटक केली. आपण ते करतोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “अर्ज मंजूर करा, नका करू, तुमचं काम आहे. पण मी अजून बाहेर उभी आहे, हे तिला कुणी सांगितलंय का?”