ब्रेकला लावलेली तार

आता सायकलचा विषय तुम्हीच काढलाय, तर माझा एक घोळ सांगूनच टाकतो. फक्त एक करा, मधेच नितीन आला तर विषय बदला. तो काही बोलायचा नाही, नुसता हसेल. आणि तो तसा हसला की मला चहा घशाखाली जात नाही.

नितीन म्हणजे माझ्या गावचा, न्हावऱ्याचा दोस्त. एका वर्गात शिकलो, आयटीआय बरोबरच केलं आणि कुरकुंभला एकाच औषधाच्या कंपनीत मेंटेनन्सला लागलो. दौंडला दोघांत मिळून एक खोली घेतली होती. तो स्वयंपाक करायचा आणि मी बोलायचो. कामाची वाटणी म्हणाल तर ती अशी.

दौंडात तेव्हा सायबर कॅफे नवे नवे निघाले होते. आमच्या ओळखीच्या कॅफेवाल्याने एकदा परदेशातली एक क्लिप दाखवली. एक पोरगा सायकलवर बसलेला. बसलेला कसला, उभाच. जमिनीला पाय न टेकवता या दगडावरून त्या दगडावर, तिथून भिंतीवर, भिंतीवरून ड्रमवर उड्या मारत चाललाय, बेडकासारखा. या खेळाला ट्रायल्स म्हणतात, असं तो कॅफेवाला म्हणाला. मी म्हणालो, भारी आहे. नितीन सरळ उठला. खोलीवर आला, पाना घेतला आणि आपल्या सायकलची सीट काढून कॉटखाली सारून दिली.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण कसलं काय! खोलीमागच्या मोकळ्या जागेत गटारासाठी आणलेले सिमेंटचे पाइप पडून होते. शिफ्ट सुटली की हा त्या पाइपांवर. पडायचा, उठायचा, परत पडायचा. पावसाळा संपेपर्यंत गडी मागच्या चाकावर असा उभा राहायला लागला, की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. माझ्या अंगात ते नव्हतं. मी एकदा प्रयत्न केला आणि आठवडाभर पालथा झोपलो. म्हणून मग मी टेक्निकल बाजू घेतली. म्हणजे ब्रेक.

तुम्हाला वाटेल, ब्रेकचं एवढं काय? अहो, या खेळात ब्रेक थांबण्यासाठी नसतोच, उभं राहण्यासाठी असतो. मागच्या चाकावर तोल धरायचा तर चाक तसूभर सरकता कामा नये. आमच्या सायकलला रिम दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे रबरी ब्रेक होते. ते ऐन वेळी सुळकन घसरायचे आणि नितीन पाठीवर.

मग मी रबर बदलत सुटलो. दुकानातले रबर महिन्याभरात पाटीसारखे गुळगुळीत व्हायचे. ते पॉलिश पेपरने घासून पाहिले. जुन्या चपलेचा तळ कापून लावला, तो लोण्यासारखा झिजला. मग कंपनीच्या भंगारातला कन्व्हेअर बेल्टचा तुकडा साहेबांना विचारून आणला, मापात कापला आणि बसवला. त्याने पकड आली, पण ब्रेक दाबला की असा काही किंचाळायचा, की शेजारच्या काकू हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि डुक्कर कुणी धरलंय म्हणून विचारायला लागल्या.

शेवटी मी ठरवलं, इंटरनेटवर बघायचं. इंग्रजीचं खातं माझ्याकडेच. कंपनीत मशीनची पुस्तकं सगळ्यांना वाचून दाखवायचो ना मी. गेलो दोघं कॅफेत, खुर्चीला खुर्ची लावून बसलो. तासभर खटपट केल्यावर एक पान उघडलं. ट्रायल्स खेळणाऱ्या परदेशी पोरांच्या गप्पा होत्या त्यात, सगळ्या ब्रेकवरच्या. एकाने लिहिलं होतं की रबर कसलंही असू द्या, रिमवर थोडंसं अमुक घासा, मग बघा कशी पकड येते. आता ते अमुक काय, तर टी, ए, आर.

मी हरखलोच. टी, ए, आर. तार! मी नितीनला म्हणालो, बघ, आपला शब्द त्यांनी उचललाय. बंगला नाही का नेला त्यांनी, तशी तारही नेली. रिमवर तार घासा म्हणतोय.

हसू नका. पुढे ऐका, कारण खरी गंमत अशी, की ते चाललं! तारेचा ब्रश आणून मी दोन्ही रिम खरखरून घासल्या, आणि ब्रेक खरंच जास्त धरायला लागला. आता मला कोण अडवणार? नुसती घासून एवढा फरक, तर तार ब्रेकमध्येच बसवली तर काय होईल? मोटरसायकलची जुनी क्लच केबल सोडवली, तिच्या बारीक तारा वेगळ्या केल्या, सुई तापवून रबरात भोकं पाडली आणि एकेक तार आत खोचली. टोकं जरा बाहेर ठेवली, दाढीच्या खुंटासारखी. ते रबर मागच्या चाकाला लावले, पुढच्याही.

काय सांगू, चाकाला खिळा ठोकल्यासारखी सायकल जागच्या जागी! नितीन पाइपाच्या टोकावर उभा राहिला आणि बराच वेळ उतरलाच नाही. वरूनच माझ्याकडे बघून हसला. त्या दिवशी मी स्वतःला इंजिनियर समजायला लागलो.

मग शिरूरचा कार्यक्रम ठरला. नितीनचा चुलतभाऊ तिथल्या एका मंडळात होता. मंडळाचा वर्धापनदिन, बाजारतळावर मांडव, आणि त्यात नितीनचे सायकलचे खेळ. पुण्याहून एक सर येणार होते. ते अशाच सायकलवाल्या पोरांना घेऊन गावोगावी शो करायचे आणि त्यांना एक चांगला गडी हवा होता. नितीन कधी काही मागणारा माणूस नाही. पण आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाला, सरांनी घेतलं तर मी कंपनी सोडीन. त्या वासात आता जीव रमत न्हाई. एवढंच म्हणाला आणि भाकरी उलटली.

न्हावऱ्याहून त्याचे वडील आले होते, आप्पा. इस्त्रीची टोपी घालून, एसटीने. पोराने चांगल्या सायकलची सीट का काढली, हे त्यांना अजून कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी पुण्याचे सर. आणि माइक कुणाच्या हातात? बरोबर ओळखलंत.

सुरुवात काय झाली म्हणून सांगू! नितीन पाइपावरून पाइपावर गेला, कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवर चढला, थप्पीच्या कडेला मागच्या चाकावर उभा राहून गर्रकन वळला. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी माइकवर बोलतच होतो. ब्रेक कुणी तयार केलेत, हेही मी लोकांना सांगून टाकलं. दोनदा.

शेवटचा खेळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता. गोण्यांवरून उडी मारून ट्रॉलीत यायचं, पुढच्या चाकावर सायकल तोलायची, आणि मागचं चाक हवेत फिरवून तोंड वळवायचं. नितीन उडी मारून ट्रॉलीत आला. ट्रॉलीच्या टोकाकडे निघाला, पुढचा ब्रेक हळूच दाबला, आणि मी खोचलेली एक तार रबरातून सुटली. सुटली ती स्पोकमध्ये गेली आणि गुंडाळली. चाक एकदम गच्च. सायकल तिथंच राहिली, नितीन पुढे गेला. हँडलवरून, ट्रॉलीच्या कडेवरून, थेट खाली.

आता यापुढचं सांगताना मला अजून कसंतरी होतं. मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, गड्याने आपल्याला न सांगता एक नवीन आयटम राखून ठेवलाय. मी माइकवर ओरडलो, "हा होता नितीनचा खास आयटम! होऊन जाऊ द्या टाळ्या!"

मांडव दणाणला. पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. कुणीतरी वन्स मोअर म्हणालं, तर ते मी माइकवरून मोठ्याने म्हणालो. अख्खा बाजारतळ वन्स मोअर, वन्स मोअर करतोय, आणि ट्रॉलीच्या पलीकडे नितीन मातीत पडलाय.

एकटे आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. ते उठले, अनवाणीच ट्रॉलीला वळसा घालून गेले आणि खाली बसले. मग माझ्या हातातला माइक खाली आला.

खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं काय पडलास? नितीन म्हणाला, माझाच तोल गेला. मी तिथंच उभा होतो. आप्पाही होते.

सर दवाखान्यात आले. येताना त्यांनी सायकल बघितली होती. त्यांच्या चिमटीत ती तार होती. मला बाहेर बोलावून शांतपणे विचारलं की हे ब्रेकमध्ये कुणी घातलं. मी म्हणालो, इंटरनेटवर तसंच लिहिलंय सर, रिमवर तार घासा म्हणून. त्यांना कळेना. मी स्पेलिंग सांगितलं. सरांनी डोळे मिटले.

"अहो, टार," ते म्हणाले. "डांबर. रस्त्यावरचं डांबर. त्याचा खडा रिमवर हलक्या हाताने फिरवायचा असतो, बस."

ज्या रस्त्याने आम्ही रोज कंपनीत जायचो, तो डांबराचाच होता हो! वाकून एक खडा उचलला असता तर भागलं असतं.

सरांनी नितीनला पत्ता दिला, खांदा बरा झाला की ये म्हणाले. माणूस भला. पण हात गळ्यात बरेच दिवस राहिला. तेवढ्यात त्यांना दुसरा पोरगा मिळाला. मग नितीन कंपनीत पर्मनंट झाला, लग्न झालं, आणि ते राहूनच गेलं. सायकल आप्पांनी न्हावऱ्याला नेली, तिला सीट बसवली, माझे तारेचे ब्रेक काढून बांधावर फेकले आणि मागे दुधाची किटली अडकवली. डेअरीत ते तिच्यावरून जायचे. मला बघून हात करायचे, पण थांबायचे नाहीत.

नितीनला मी टारचं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? किती वर्षं गेली. मग एकदा कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच जेवत होतो, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. सगळं बोलून टाकलं. ती तार नव्हती, डांबर होतं, माझ्यामुळे तुझं सगळं गेलं, असं सगळं.

त्याने शांतपणे ताक पिऊन घेतलं.

"डांबर हाय ते मला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "तुझ्या शेजारीच बसलो व्हतो की कॅफेत."

मी म्हणालो, "मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, मीच चुकत आसंन. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. दहावीला तुला मार्क जास्त व्हते."

होते. मार्क जास्त होते, खोटं कशाला बोलू? दहावीला नितीनचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर आला होता, आणि इंग्रजीचा अख्खा पेपर मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत लिहिला होता. मला मार्क जास्त पडले, ते नुसतं अक्षर बरं म्हणून.