कात्रज ते आत्याचं घर: ओढ्याकाठची पायपीट

लोक सुट्टीत कोकणात जातात, मी ओढ्याला गेले. हसू नका. मे संपत आला होता आणि आत्याचा फोन आला. "ओढ्यात मशीन उतरलंय गं, पण गाळ उचलायचं नाव नाही. काठावर ढीग घालून ठेवलाय. माझ्या खिडकीपर्यंत आलाय ढीग." आत्या जन्मात सरळ तक्रार करत नाही, टोमणा मारते. या वेळी टोमणा नव्हता, म्हणूनच मी ते मनावर घेतलं.

आत्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. एकटी राहते, ओढ्याकाठच्या सोसायटीत, तळमजल्यावर. काही वर्षांपूर्वी ओढा घरात शिरला तेव्हा ती स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली होती. शेजाऱ्यांनी खिडकीचे गज तोडून तिला बाहेर काढलं. आता तिचे दोन्ही गुडघे बदललेत. ओट्यावर चढणं सोडाच, पलंगावरून उठायलाही हात द्यावा लागतो. पुन्हा पाणी आलं तर? आठवडाभर ऑफिसात कोड लिहिताना डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेवटी ठरवलं, ओढा वरून खाली चालत बघायचा, घोडं नक्की कुठे अडलंय ते शोधायचं आणि जेवायला आत्याकडे पोचायचं.

शनिवारी सकाळी हिंजवडीतून निघाले. कंपन्यांच्या बस नसल्या की हा रस्ता माणसांचा वाटतो, त्यामुळे जायचंच तर शनिवारीच जा. स्वारगेटहून कात्रजला बस सतत सुटतात, तिकीट किरकोळ. पायात बंद बूट हवेत. चपला घालून गेलात तर भोगा आपल्या कर्माची फळं. तोंडाला बांधायला ओढणी आणि भरपूर पाणीही घ्या. कात्रजच्या चौकात मिसळ घेतली. तर्री झकास होती.

कात्रजच्या तळ्याखाली ओढा अगदी गरीब दिसतो. झुडपं, थोडं पाणी, तारेवर एक खंड्या. टपरीवाल्या मामांना विचारलं, खाली जायला वाट कुठून आहे?

"वढ्यानं जानार? काय बघायला?"

"पावसात पाणी किती येतं, मामा?"

"येतंय की लय. आन् येताना सांगून येतंय व्हय?"

चहा चांगला होता. पण त्या वाक्यानंतर मी आभाळाकडे बघत चालले, आणि ते दक्षिणेकडून भरून येत होतं.

वाट सलग नाही. दोनदा मुख्य रस्त्यावर येऊन पुन्हा गल्लीत शिरावं लागतं. पद्मावतीच्या पुढे दोन्ही बाजूंनी भिंती येतात आणि ओढा गटारासारखा आवळत जातो. मध्ये गाळाचा उंचवटा, त्यावर एरंड माजलेला, त्यात अडकलेली गादी. एका पुलाखाली वाकून बघितलं तर निम्मी कमान गाळाने बुजलेली. एवढ्याशा भोकातून कात्रजचं सगळं पाणी जायचं?

आत्याच्या घराच्या जरा अलीकडे पोकलेन दिसलं, बंद. त्याच्या सावलीत ऑपरेटर भाकरी खात होता. यवतमाळकडचा, बोलका माणूस. मी जवळजवळ भांडायलाच गेले. गाळ काढून काठावरच का ठेवता?

"ओला गाळ डंपरात भरला तर समदा रस्त्यानं सांडते ना ताई. दोन दिवस काठावर निथळू द्या लागते, मंग उचलाचा."

"मग उचला ना! पाऊस आला तर परत आतच जाईल की!"

"डंपरच येऊन नाही राह्यला. मागून भिंत हाय. रस्ता एकच, त्या गुलाबी सोसायटीतून. त्याहीनं गेट लावून घेतलं."

त्याने बोट दाखवलं. गुलाबी सोसायटी आत्याची.

गेटला कुलूप, वर ताजी पाटी: "डंपर आत आणू नये. फरशा आमच्या आहेत, चिखल तुमचा आहे." अक्षर सुरेख, वळणदार. ते अक्षर मी लहानपणापासून ओळखते. बाजूच्या लहान दारातून आत गेले, तर आत्या पानं वाढत होती.

"आत्या, पाटी तू लिहिलीस?"

"मग? सोसायटीची प्रत्येक पाटी मीच लिहिते. सभेत ठरलं, मी लिहिलं. शुद्धलेखन चुकलंय का?"

"अगं, त्या पाटीमुळे डंपर येत नाही! म्हणून ढीग तसाच आहे. पाऊस आला की ढीग ओढ्यात आणि ओढा तुझ्या घरात!"

वरण वाढता वाढता तिचा हात थांबला. "सभेत म्हणाले, डंपर मागून नेतील."

"मागे भिंत आहे, आत्या."

तिने वरणाचं भांडं खाली ठेवलं. मग पुटपुटली, "फरशीचे ब्लॉक गेल्या दिवाळीत बसवलेत गं." भात तसाच टाकून उठली, काठी घेतली, तळमजल्यावर म्हणून तिच्याकडेच असते ती गेटची किल्ली घेतली आणि निघाली. कुलूप स्वतः काढलं. मला पाटी उतरवायला लावली. तिसऱ्या मजल्यावरून एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, ठराव झालाय! असं परस्पर काढता येत नाही."

"ठराव तिसऱ्या मजल्यावर झाला," आत्या वर न बघता म्हणाली. "पाणी तळमजल्यावर येतं."

मी धावत जाऊन ऑपरेटरला सांगितलं. संध्याकाळी पहिला डंपर आत आला आणि ब्लॉक कडाकडा फुटले. आत्याने डोळे मिटून घेतले.

आता घरी बसून हे लिहितेय. बुटांचा वास जात नाही. मी डोंगर चढलेय, बर्फात चाललेय, पण इतकी भीती कुठे वाटली नव्हती. आणि घरी आल्यावरही ती भीती गेलेली नाही. आभाळ गच्च आहे. मघाशी आत्याला फोन केला.

"बऱ्याच खेपा झाल्या. निम्मा ढीग आहे अजून. अर्धी सोसायटी माझ्याशी बोलत नाही, तेवढीच शांतता."

"आत्या, पाऊस सरेपर्यंत माझ्याकडे ये ना. सातवा मजला आहे. मी गाडी घेऊन येते, आत्ता येते."

पलीकडे डंपरचा हॉर्न वाजला. "आले रे, आले!" ती ओरडली. काठीची ठकठक, मग गेटच्या कडीचा आवाज. धापा टाकत पुन्हा फोनवर आली.

"किल्ली माझ्याकडे आहे, बाळा. मी निघाले की हे लोक कुलूप लावतील."