चौदाव्या शतकातली आमटी

बटाटा चालणार नाही, असं लेक म्हणाली तेव्हा मी मान डोलावली. टोमॅटोही नाही म्हणाली, तेव्हा काढलेले टोमॅटो परत फ्रीजमध्ये ठेवले. पण "मिरची पण नाही, आई," म्हटल्यावर मी हातातला झारा ओट्यावर आपटला. "मग लोकांनी खायचं काय, माझं डोकं?"

प्रकरण असं होतं. रियाधमधली काही हौशी मंडळी दर हिवाळ्यात अल खर्जकडचं एक शेत दोन दिवसांसाठी भाड्याने घेतात आणि तिथे मध्ययुगात राहतात. चिलखतं घालून लाकडी तलवारींनी लढतात, तिरंदाजी करतात, तंबूत झोपतात. आयरिश फिजिओथेरपिस्ट, फिलिपिनो नर्सेस, लेबनीज बँकवाले, सौदी इंजिनिअर, सगळे एका व्यापारी काफिल्यातले प्रवासी असतात, त्यामुळे कुणीही कुठूनही आलेला चालतो. अट एकच, चौदाव्या शतकानंतरचं काहीही तळावर दिसता कामा नये. आणि मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, साबुदाणा हे सगळं अमेरिकेतून आलेलं, म्हणजे फार नंतरचं. माझं अर्धं स्वयंपाकघर एका वाक्यात रिकामं झालं.

माझी सतरा वर्षांची लेक दोन वर्षं तिथे उमेदवार होती. पक्क्या सभासदाला चामड्याचा रुंद पट्टा मिळतो. तो हवा असेल तर उमेदवाराच्या घरच्यांनी पूर्ण वीकएंड तळावर काढायचा आणि शनिवारी दुपारी सगळ्यांना जेवू घालायचं. त्यात दोन चुका झाल्या की त्या वर्षीचा पट्टा गेला. पुढच्या हिवाळ्यात ती पुण्याला कॉलेजात असणार होती, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे तिने मला रोज ऐकवलं, तेही इंग्रजीत. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं ती इंग्रजीत बोलते, मराठीत तिला फक्त भूक लागते.

मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. पोट शिवण्याआधी गॉजचा तुकडा न् तुकडा मोजून घेणारी बाई. मला कुणी नियम शिकवायची गरज नाही, असं मी घरात दोनदा जाहीर केलं.

शुक्रवारी सकाळी तळावर पोचलो आणि मला जे हसू फुटलं ते थांबेचना. खजुराच्या झाडांखाली एक भला थोरला माणूस लोखंडी टोपात डोकं अडकवून बसला होता आणि दोघे जण तो टोप ओढत होते. माझ्या अंगावर सेफ्टी पिनशिवाय नेसलेली नऊवारी, त्यामुळे हसताना एक हात कायम कमरेवर. नवरा पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर, आयुष्यभर हेल्मेट आणि बूट घालून फिरलेला. तो धोतर नेसून, माझ्या जुन्या ओढणीचा फेटा बांधून असा काही मिरवत होता की जणू काफिला याच्याच मालकीचा.

नियम बघायला एक सौदी बाई होत्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. हातात काठी, अंगावर काळी अबाया आणि नजर अशी की आमच्या हॉस्पिटलातला सर्जनसुद्धा चळचळा कापला असता. त्यांनी माझी गाठोडी उघडून बघितली. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, चिंच, गूळ, हिंग, आलं, मिरी, पिंपळी. प्रत्येक पुडी हुंगून त्या म्हणाल्या, "गुड." मी लेकीकडे बघून भुवई उडवली.

दुपारी चारला पहिली चूक झाली. नवरा गाडीमागे उकिडवा बसून थर्मासमधला चहा पिताना सापडला. "मला वाटलं गाडीच्या मागे एकविसावं शतक चालतं," असं तो बाईंना म्हणाला. चहा तेव्हा या मुलखात आलेलाच नव्हता. बाईंनी काठीने वाळूत एक रेघ ओढली. लेकीने बापाशी बोलणं टाकलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "प्लीज आई. ओन्ली वन लेफ्ट."

शनिवारी मात्र मी रंगात आले. शेताच्या मालकाने साठ माणसांचं पातेलं दिलं होतं, तीन दगडांची चूल पेटली होती. फिलिपिनो मुली भाकऱ्या थापायला बसल्या. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा चिलखतातल्या लोकांनी ढाली बडवल्या. मी तर चक्क गिरकी घेतली, नऊवारीत, पन्नाशीत. मिरी-पिंपळीची आमटी उकळत होती. तिला रंग यावा म्हणून मी कनवटीची पुडी सोडून सासूबाईंनी नाशिकहून दिलेला दोन मुठी गोडा मसाला आत घातला. घालणारच. आमटीत गोडा मसाला घालायला मला विचार करावा लागत नाही.

मग चव बघितली. मिरी जिभेवर चावते. हे घशात, मागे, सावकाश पेटलं. आणि मला नाशिकचं स्वयंपाकघर दिसलं, सासूबाई कढईत सुक्या लाल मिरच्या परतताहेत, मी खोकतेय आणि त्या म्हणताहेत, "थोड्याच घालते गं, नावाला."

मसाल्यात मिरची, आणि ती मी माझ्याच हाताने घातलेली. गॉज मोजणारी बाई! पातेल्यात साठ माणसांची आमटी, जेवायला अर्धा तास, आणि समोरून काठी टेकत बाई येत होत्या.

त्यांनी पळीभर आमटी घेतली. डोळे मिटले. नाकाचा शेंडा लाल झाला. "यात काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मिरी," मी म्हणाले. "भरपूर मिरी." माझा आवाजसुद्धा हलला नाही. माझ्या लेकीचा पट्टा होता तो, आणि त्याच्यासाठी मी याहून मोठी थाप मारली असती.

बाईंनी मान हलवली आणि माझ्यामागे उभ्या लेकीकडे बघितलं. तेवढ्यात मागून लेक म्हणाली, "देअर इज चिली इन इट. इट्स इन माय ग्रँडमदर्स मसाला."

बाईंनी दुसरी रेघ ओढली. त्यांना ते आवडलं नाही हे मला दिसलं, पण ओढली. चूक करणाऱ्याने जेवणापुरतं तळाबाहेर, पार्किंगमध्ये जायचं असतं. चिलखतातल्या चौघा सरदारांनी आमचं पातेलं उचललं आणि चौदाव्या शतकातून आमच्या टोयोटापाशी आणून ठेवलं.

मी भडकले होते. "तुला कुणी विचारलं होतं का? दोन वर्षं, आणि एक मिनिट गप्प बसवेना!"

तिचे डोळे भरले होते. "नाही विचारलं. बट शी वॉज लुकिंग ॲट मी, आई." मग नाक पुसून म्हणाली, "मला तो हवा होता गं. खूप हवा होता." हे मात्र मराठीत. मी तिला जवळ घेतलं आणि मला इतकी लाज वाटली की नवऱ्याने पुढे केलेली भाकरी हातात तशीच राहिली.

थोड्या वेळाने बाई पार्किंगमध्ये आल्या. पट्टा देता येणार नाही, खलास, असं त्यांनी लेकीला सरळ सांगितलं. मग काठी तिच्यापुढे धरली. "तासभर माझ्याबरोबर लोकांच्या चुका शोधत फीर. जी स्वतःच्या आईला पकडून देते ती कुणालाच सोडणार नाही. यल्ला, चल."

लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं, काठी घेतली आणि जवळजवळ धावतच गेली.

पाच मिनिटांत पहिला सरदार आला. चिलखताखाली झिपचं जॅकेट सापडलं होतं. मग मनगटी घड्याळ. मग चॉकलेट. मग फोन लपवलेले, काजीच्या वेषातले दोघे. सगळे मान खाली घालून आले आणि आमटीचा वास येताच त्यांनी मान वर केली. मी वाढत होते, ते डोळे पुसत ओरपत होते, नवरा बॉनेटवर भाकऱ्या मोडत होता. तळावरून लेकीचं खदखदून हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं. मग ती स्वतःच आली, त्या भल्या थोरल्या टोपवाल्याला कोपराला धरून, लाल तोंडाने, धापा टाकत.

"आई, अजून एक," ती म्हणाली. "वाढ."